अस्वलाचा पाहुणचार

इसापाच्या गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मराठींत आल्या आणि तेव्हांपासून आपल्या मुलांच्या अनेक पिढ्यांनीं त्या तोंडपाठ केल्या. त्यांतील दोन मित्र आणि अस्वल यांची गोष्ट ठाऊक नाहीं असा शिकलेला मनुष्य महाराष्ट्रांत विरळाच सांपडेल. रानांतून जात असतां अस्वल समोर येतें. एक मित्र झटकन् झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्याचें सोंग घेतो. अस्वल त्याचें तोंड हुंगतें आणि निघून जातें. या गोष्टीचें तात्पर्य मैत्रीविषयीं आहे व त्याबद्दल आमची कांहीं तक्रार नाहीं. परंतु तात्पर्याच्या जोडीनें अस्वलासंबंधींचीं दोन मतेंही आपल्या मनांत बालपणींच घर करून बसतात. एक, अस्वलाला झाडावर चढतां येत नाहीं. दुसरें, तें मेलेल्या माणसाला शिवत नाहीं. उत्तर अमेरिकेंतील काळ्या अस्वलाच्या बाबतींत हीं दोन्ही मतें सपशेल खोटीं आहेत. तें झाडावर अशा सफाईनें चढतें कीं माडावर चढणाऱ्या भंडाऱ्यानेंही तोंडांत बोट घालावें. आणि मेलेलें जनावर तर त्याला आयतें मिळालेलें पक्वान्न वाटतें. त्या रानांत हे दोन मित्र गेले असते तर दुर्जनाला झाडावर व सज्जनाला जमिनीवर सारखाच धोका होता.

हा विषय मराठी मासिकांत कशासाठीं, असें कोणी वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, हल्लीं आपल्यांतील पुष्कळ घरांतील मुलेंमुली अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत व त्यांचे आईबाप उन्हाळ्याचे चारसहा महिने तिकडे घालवितात. शनिवार-रविवारला जोडून सुटी आली कीं तिकडील मंडळी तंबू, शेगडी व अंथरुणें मोटारींत घालून रानांत राहावयास जातात. त्या रानांपैकीं पुष्कळांत काळें अस्वल हा मूळचा रहिवासी आहे. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या मुलीनें व जांवयांनीं आम्हां उभयतांस कॅलिफोर्नियांतील योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानांत तीन रात्रींसाठीं नेलें, तेव्हां या शेजाऱ्याशीं कसें वागावें याचा थोडासा अभ्यास आम्हांस करावा लागला.

आमचें बालपण वऱ्हाडांत गेलेलें असल्यामुळें अस्वल या शब्दाशीं आमच्या मनांत भयाचीच सांगड होती. मेळघाटांत व पूर्वेकडील जंगलांत मोहाचीं फुलें वेंचावयास जाणाऱ्या माणसांना वाघापेक्षां अस्वलाची भीति अधिक वाटते, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. वारुळांतील वाळवी, मुंग्या, मध व मोह यांवर जगणारें आपलें अस्वल दृष्टीनें मंद असतें. मनुष्य अचानक जवळ आला म्हणजे तें पळण्याऐवजीं अंगावर येतें आणि बहुधा त्याचा पंजा तोंडावर पडतो. वाघाच्या रानांत वाढलेल्या प्राण्याला हा स्वभाव जडला, असें शास्त्रज्ञ सांगतात. अमेरिकेच्या काळ्या अस्वलाचा इतिहास निराळा आहे. त्याच्याहून बलाढ्य अशा पशूंच्या सहवासांत तें दाट झाडींत राहिलें आणि संकट आलें कीं झाडावर चढावें किंवा झुडुपांत पळून जावें, हेंच त्याचें शहाणपण ठरलें. म्हणून वऱ्हाडांतील अस्वलाचें भय योसेमिटींत नेणें हें जितकें चुकीचें, तितकेंच योसेमिटींतील निर्धास्तपणा घेऊन मेळघाटांत हिंडणें घातक होय.

काळें हें विशेषणही या प्राण्याला सर्वत्र लागू पडत नाहीं. देशाच्या पूर्व भागांत तीं बहुधा काळीं असतात. पश्चिमेकडे तपकिरी, दालचिनीच्या किंवा मधाच्या रंगाचीं पुष्कळ दिसतात. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर तर पांढऱ्या रंगाचीं कांहीं काळीं अस्वलें आहेत! त्याचा बहुतेक आहार कोंवळें गवत, मुळें, फळें, कवचाचीं फळें व किडे यांचा असतो. शरद् ऋतु लागला कीं त्याला विलक्षण भूक सुटते. दिवसाचे वीस वीस तास तें खात राहतें, कारण पुढें कित्येक महिने गुहेंत किंवा झाडाच्या ढोलींत अन्नपाण्यावांचून काढावयाचे असतात. त्या निद्रेंतच, माघाच्या सुमारास, मादीला पिलें होतात; जन्मतः पिलाचें वजन आपल्या घरांतील एखाद्या आंब्याहून अधिक भरत नाहीं. इतक्या थोड्या महिन्यांत वर्षाची बेगमी करणाऱ्या जीवाला वास घेण्याची शक्ति निसर्गानें अपार दिली, यांत नवल नाहीं. अन्न कोठें आहे तें हुडकून काढणें आणि एकदां सांपडलेली जागा न विसरणें, हाच त्याचा जन्मभराचा व्यवसाय आहे.

आतां धोक्याविषयीं. कॅलगरी विद्यापीठांतील प्राध्यापक स्टीफन हेरेरो यांनीं सहकाऱ्यांसह २०११ सालीं एक लेख प्रसिद्ध केला. त्यांत १९०० पासून २००९ पर्यंत कॅनडा व संयुक्त संस्थानें या दोन देशांत रानांतील काळ्या अस्वलांनीं ६३ माणसें मारल्याची नोंद आहे. एकशेंदहा वर्षांचा काळ आणि दोन खंडप्राय देश ध्यानांत घेतां ही संख्या अल्पच म्हटली पाहिजे. योसेमिटींत तीनशें ते पांचशें अस्वलें आहेत, दरसाल लक्षावधि लोक तेथें येतात, आणि तरी तेथें आजपर्यंत काळ्या अस्वलाच्या हातून एकही मनुष्य मेला नाहीं. सबंध कॅलिफोर्निया राज्यांतील अशा मृत्यूची पहिली निश्चित नोंद २०२३ सालची. तीही रानांतील तंबूंत नव्हे, एका डोंगरी गांवांतील घरांत घडलेली आहे.

हेरेरो यांच्या लेखांतील दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. पिलांची आई सर्वांत भयंकर, ही समजूत काळ्या अस्वलास फारशी लागू पडत नाहीं. प्राणघातक हल्ल्यांपैकीं शेंकडा ८८ शिकारीच्या बुद्धीनें झालेले होते आणि ते करणारीं अस्वलें बहुतेक एकटे नर होते. बळी पडलेलीं माणसेंही बहुधा एकटीं किंवा दोघेंच होतीं. यावरून दोन धडे मिळतात. रानांत चौघांनीं मिळून, बोलत बोलत जावें. आणि जें अस्वल फुरफुरतें, दांत वाजवितें, जमिनीवर पंजा आपटतें, तें बहुधा स्वतःच घाबरलेलें असून तुम्हांस दूर व्हावयास सांगत असतें. परंतु जें मुकाट्यानें, नजर न हालवितां मागोमाग येत राहतें, त्याच्याविषयीं खरोखर सावध असावें. माणसांतही गर्जना करणारे निराळे व दंश करणारे निराळे, हा अनुभव वाचकांस असेलच.

गांठ पडलीच तर काय करावें, याचे नियम थोडके आहेत. अस्वलानें आपणांस पाहिलें नसेल तर आलों तसें हळूच मागें फिरावें. योसेमिटींत दीडशें फुटांच्या आंत जाण्याची मनाईच आहे. त्यानें पाहिलें असेल व तें जवळ असेल, तर पळूं नये. तासाला तीस मैलांच्या वेगानें धांवणाऱ्या प्राण्याशीं शर्यत कसली लावावयाची? मुलांना जवळ घ्यावें, सर्वांनीं एकत्र उभें राहावें, हात वर करून मोठें दिसावें, ठणठणीत आवाजांत ओरडावें, आणि त्याला निघून जाण्यास वाट मोकळी ठेवावी. इतक्यानें बहुधा काम भागतें. क्वचित् हल्ला झालाच तर मेल्याचें सोंग न घेतां काठी, दगड, हातीं सांपडेल त्यानें त्याच्या नाकावर व तोंडावर मारीत शेवटपर्यंत झुंजावें. पुष्कळ रानांत मिरचीच्या अर्काचा दाबानें उडणारा फवारा जवळ ठेवण्याची चाल आहे. तिखटाचा हा उपयोग ऐकून आमच्या सौभाग्यवतींस मोठा अभिमान वाटला. मात्र योसेमिटींत तो फवारा नेण्यास बंदी आहे, म्हणून ज्या रानांत जावयाचें तेथील नियम आधीं पाहावे.

येथें इसापाला न्याय दिला पाहिजे. तो ज्या देशांतला तेथील अस्वल तपकिरी जातीचें. त्याच जातीचें अमेरिकेंतील ग्रिझली अस्वल पिलांच्या किंवा भक्ष्याच्या रक्षणासाठीं अंगावर आलें, तर पालथें पडून मान हातांनीं झांकून निश्चल राहावें, असेंच तज्ज्ञ सांगतात. ग्रिझलीच्या खांद्यावर उंचवटा असतो व त्याचीं नखें लांब असतात. केवळ रंगावरून जात ओळखूं जाणें बरें नव्हे. म्हणजे इसाप खोटा नव्हे. त्याचा उपदेश भलत्या अस्वलाला लावणारे आपण खोटे.

परंतु हे सर्व नियम म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेल्यानंतरचे उपचार होत. खरा नियम अस्वल दिसण्याच्या कितीतरी आधीं पाळावयाचा असतो आणि तो अन्नाचा आहे. एके काळीं योसेमिटींतच अस्वलांना उष्टें-खरकटें खाऊं घालण्याचा खेळ होत असे. रात्रीं दिव्यांच्या उजेडांत अस्वलें उकिरड्यावर जमत व प्रेक्षक मौजेनें पाहत बसत. हा प्रकार १९४० सालीं बंद झाला. पण खेळ बंद झाला तरी खोड गेली नाहीं. माणूस म्हणजे अन्न, हा धडा अस्वलिणींनीं पिलांना शिकविला. १९९८ सालीं एकट्या योसेमिटींत अस्वलांनीं मोटारी फोडल्याचे, तंबू फाडल्याचे व तत्सम दीड हजारांहून अधिक प्रकार घडले. साडेसहा लाख डॉलरांचें नुकसान झालें. मोटारीची कांच वा दाराची वरची कड धरून सबंध दार वांकविणें त्यांना सहज साधूं लागलें. तेव्हां सरकारनें निधि दिला, जागोजाग पोलादी पेट्या बसविल्या, लोकांना कसोशीनें शिकविलें व दंड ठेवले. पुढील वर्षांत हे प्रकार शेंकडा ९० हून अधिक कमी झाले. अस्वलें तींच होतीं. माणसें बदलावीं लागलीं.

आमच्या तळावरही तंबूशेजारीं अशी एक पेटी होती. सुमारें पावणेचार फूट रुंद, दीड फूट उंच, आणि कडी अशी कीं तिच्या खोबणींत माणसाचीं बोटें जावीं पण अस्वलाचा पंजा जाऊं नये. मोटारींतील खाण्याच्या जिनसा तींत भरण्याचें काम सुरू झालें तेव्हां आमच्या गृहकृत्याचा खरा विस्तार आमच्या लक्षांत आला. बेसनाचे लाडू, चिवडा, लिंबाचें लोणचें, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, एवढें गेल्यावर सौभाग्यवतींनीं सुटकेचा श्वास सोडला.

"आई, दांतांची पेस्ट आणि साबणसुद्धां," मुलगी म्हणाली.

"अग, साबण का कोणी खातें?"

"त्याला वास येतो ना, तेवढें पुरे. आणि बाबांचें डोक्याचें तेल."

"बरें बाई. पण देवापुढची उदबत्ती तरी बाहेर राहूं दे."

"तीही नको, आई."

यावर आमचा सहा वर्षांचा नातू, ज्यानें सकाळीं वनरक्षिकेचें व्याख्यान आमच्यापेक्षां लक्षपूर्वक ऐकलें होतें, गंभीरपणें म्हणाला, "आजी, तुझ्या लाडवांचा वास त्याला मैलभरावरून येतो." ही गोष्ट स्तुति कीं निंदा, हें न समजून आजी क्षणभर स्तब्ध राहिल्या. मग म्हणाल्या, "इतक्या लांबून वास घेत आलाच बिचारा, तर एक लाडू दिल्यानें काय मोठें बिघडतें? आपल्या दारीं आलेलें कुत्रेंसुद्धां आपण उपाशी पाठवीत नाहीं."

हा प्रश्न आम्हांस वाटतो तितका भाबडा नाहीं. आपल्या घरांतून अन्नदान हें सर्व दानांत श्रेष्ठ मानलेलें आहे. गाईला घांस, कावळ्याला काकबळी, मुंग्यांना साखर, अशी आपली परंपरा; भुकेल्या जीवाला नाहीं म्हणणें हें पाप. त्या परंपरेंत वाढलेल्या बाईला 'एक कणही देऊं नको' हा नियम कठोर वाटावा यांत तिचा दोष नाहीं. मुलीनें जें उत्तर दिलें तें मात्र आमच्या मनांत खोल रुतलें. ती म्हणाली, "आई, तुझा लाडू खाऊन तें अस्वल मरेल." ती अतिशयोक्ति करीत नव्हती. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलें अस्वल भीति सोडतें. आज पेटी हुंगतें, उद्यां तंबू फाडतें, परवां एखाद्या मुलाच्या हातांतील पोळीवर झडप घालतें. दूर नेऊन सोडलें तरी तें पुष्कळदां परत येतें, किंवा नव्या जागींही तेंच करतें. शेवटीं लोकांच्या जीविताची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्या अधिकाऱ्यांना त्याला मारावें लागतें. लाडू देणारा तोंवर घरीं जाऊन आपल्या भूतदयेची गोष्ट इष्टमित्रांना सांगत असतो.

त्याच रात्रीं दोनच्या सुमारास पलीकडच्या तळावरून टाळ्या, भांड्यांचा खणखणाट व ओरडा ऐकूं आला. तळावर आलेल्या अस्वलाला स्वस्थ बसून न पाहतां आवाज करून हांकलावें, असा तेथील नियम आहे. त्याला तेथें बरें वाटूं नये हाच हेतु. आम्हींही डाव घेऊन पातेल्यावर वाजविला. विजेरीच्या उजेडांत तें क्षणभर दिसलें: तपकिरी रंगाचें, फार मोठें नव्हे, कानांत खुणेचा बिल्ला. तें एका पेटीपाशीं थांबलें, कडीला नाक लावलें, आणि आमच्या गोंगाटाकडे एकवार पाहून अंधारांत नाहींसें झालें. त्याचा कांहींच अपराध नव्हता. ज्याला पोटासाठीं हिंडावयाचें तो वासाच्या मागें येणारच. सौभाग्यवती बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग स्वतः उठून त्यांनीं आमच्या पेटीची कडी पुन्हां एकदां ओढून पाहिली.

न्यूयॉर्क राज्यांतील अ‍ॅडिरोंडॅक पर्वतांत एक मादी होती. कानांतील पिवळ्या बिल्ल्यांवरून तिचें नांव 'यलो-यलो' पडलें होतें. डोंगर चढणारे लोक अस्वलाला न उघडणाऱ्या जाड बरण्यांत अन्न नेत. हिनें त्यांतील एका जातीच्या बरणीचें झांकण उघडण्याची युक्ति शोधून काढली. कारखानदारानें रचना बदलली, तीवरही तिनें मात केली. वर्षानुवर्षें माणसांच्या बुद्धीशीं स्पर्धा करणारी ही अस्वलीण २०१२ सालीं एका शिकाऱ्याच्या हातून मेली. तिच्या चातुर्याचें कौतुक वाटतेंच. परंतु तें सर्व चातुर्य माणसाच्या शिदोरीभोंवतीं खर्च झालें, याचें वाईटही वाटतें.

या प्राण्याशीं माणसाचें नातें चमत्कारिक आहे. १९०२ सालीं मिसिसिपींत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं झाडाला बांधून ठेवलेल्या काळ्या अस्वलावर गोळी झाडण्याचें नाकारलें. त्यावरून व्यंगचित्र निघालें व टेडी नांवाचें खेळणें जगभर गेलें. १९१४ सालीं कॅनडाच्या एका लष्करी पशुवैद्यानें वीस डॉलरांना विकत घेतलेली एक पोरकी काळी अस्वलीण लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत राहिली. तिच्या नांवावरून मिल्नच्या 'विनी द पू'ला नांव मिळालें. आम्हीं इंग्रजी शिकवितांना पुष्कळदां त्या मधुप्रिय अस्वलाचें गुणगान केलें आहे. तेव्हां टेडीला कुशींत घेऊन वाढलेल्या मुलांना रानांतील अस्वलाजवळ जाऊन छायाचित्र काढावेंसें वाटलें तर तें स्वाभाविक आहे. पण शहाणपणाचें नाहीं. कापसाच्या अस्वलाला आपण जवळ घेतों. खऱ्याला दूर राहूं देणें हीच त्याच्यावरची माया.

योसेमिटींतील रस्त्यांच्या कडेला कोठें कोठें अस्वलाच्या लाल आकृतीच्या पाट्या दिसतात. मोटारीच्या धक्क्यानें जेथें अस्वल सांपडलें तेथें त्या लावतात. परतीच्या वाटेवर नातू त्या मोजीत होता व त्याचे वडील प्रत्येक पाटीसरशी मोटारीचा वेग आणखी कमी करीत होते. तें पाहून आमच्या मनांत विचार आला कीं, या नियमांना आपण 'अस्वलापासून बचाव' असें नांव देतों, पण त्यांतील बहुतेक नियम अस्वलाच्या बचावाचे आहेत. पेटीची कडी लावणें, तंबूंत अन्न न ठेवणें, मोटार हळू हांकणें, दूर उभें राहणें, यांत आपलें कांहींच जात नाहीं. हे नियम मोडले तर जीव मात्र बहुधा त्याचा जातो.

आपल्याकडे महाबळेश्वर-माथेरानच्या वाटेवर मोटार थांबवून माकडांना शेंगदाणे घालणारे लोक आम्ही पाहतों. पुढें तींच माकडें पिशव्या हिसकावूं लागलीं व मुलांना चावूं लागलीं म्हणजे त्यांना पकडून न्या, असा ओरडाही तेच लोक करतात. दानाच्या वेळीं पात्र पाहावें, असें आपल्या शास्त्रकारांनीं सांगितलें आहे. त्याचा अर्थ घेणारा योग्य आहे कीं नाहीं एवढाच आपण घेतों. दिलेल्या वस्तूनें घेणाऱ्याचें पुढें काय होईल, हा विचार राहून जातो. ज्याला रानानें सारें दिलें आहे त्याला आपल्या ताटांतलें न देणें, हेंही कधीं कधीं दानाइतकेंच पुण्य असतें. मुलांकडे अमेरिकेस जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं लाडू अवश्य न्यावे. रानांत गेल्यावर ते स्वतः पोटभर खावे, आणि उरतील ते पेटींत ठेवून कडी नीट लावावी.